रिकामा पिंजरा

खाण आज कायमची बंद होणार होती. उद्या तिच्या तोंडात दगडमाती लोटायची, असं फर्मान आलं होतं. यंत्रघरात बसून माणसांचा पिंजरा खाली-वर करण्यात ज्याची हयात गेली, त्या म्हाताऱ्या ऑपरेटरने नव्या मुकादमाला विनवलं, "शेवटची एक फेरी मारू द्या."

"खाली आता चिटपाखरू नाही, काका. कोणाला आणणार?"

"आमचा दादा आहे खाली. पाणी फुटलं तेव्हा अख्खी पाळी आतच राहिली. एकाचाही देह हाती लागला नाही. आई जाईपर्यंत त्याचं ताट झाकून ठेवायची."

मुकादमाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण त्याला म्हाताऱ्याचं मन मोडवेना. "बरं, मारा," म्हणत तो स्वतःच पिंजऱ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

पिंजरा तळाला टेकला. ऑपरेटर जरा थांबला, मग त्याने हलकेच दांडा ओढला. माणसं खच्चून भरल्यासारखा दोर ताणला गेला आणि इंजिन कण्हू लागलं.  जराही हिसका बसू न देता ऑपरेटरने पिंजरा वर आणला आणि खिडकीतून मान लांब करून पाहिलं. आत कोणीच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

दार उघडणारा मुकादम मात्र वाट देत झटकन बाजूला सरकला. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याने खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं,



"काका, यातले तुमचे दादा कोणते?"