पोटदुखे सरांची परीक्षा

"दाबू का, सर?"

"दाबायलाच झोपलोय. विचारत बसलीस तर वेळ संपेल."

मागे उभी असलेली मुलं हसली. डॉक्टरकीच्या या परीक्षेत सर दरवर्षी स्वतःच रोगी होऊन टेबलावर आडवे व्हायचे. गेल्या वर्षी मुतखडा, त्याआधी अल्सर. पोटाचं दुखणं वाचून कळत नाही, हाताला कळावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मुलं पाठीमागे त्यांना पोटदुखे सर म्हणत आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज मात्र त्यांनी कमाल केली होती. अकरा जणांनी तपासलं आणि अकराही जण थक्क होऊन बाजूला झाले. असा अभिनय कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. कपाळावरचा घाम तर कुठून आणला कोण जाणे.

हात लावायच्या आधी विचारणारी ही बारावी मुलगी; सगळे तिला गोगलगाय म्हणत. प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची सवय, त्यामुळे दोनदा वेळ संपून नापास झालेली. आजही नापास झाली तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं.

"कधीपासून दुखतंय?"

"काल संध्याकाळपासून. आधी बेंबीभोवती होतं. आता उजवीकडे, खाली सरकलंय."

"जेवलात?"

"अन्न नको वाटतं. एकदा ओकलो."

"जरा खोका बरं."

सर खोकले आणि त्यांनी उजवा गुडघा पोटाशी ओढून घेतला.

तिने सावकाश दाबलं, मग हात झटकन उचलला. दाबताना गप्प असलेले सर हात उचलल्यावर कळवळले. पुस्तकात होतं अगदी तसंच. तिला भरून आलं. पन्नाशी उलटलेला माणूस बारा पोरांसाठी एवढं करतो.

"अपेंडिक्स. सांग आणि मोकळी हो," मागून कुणीतरी कुजबुजलं.

अर्धं मिनिट उरलं होतं. उत्तर तिच्या ओठांवर होतं, पण एक गोष्ट राहिली होती. ती बाकी कुणीच केली नव्हती, कारण सगळी सोंगं आणता येतात, नाडीचं आणता येत नाही. मग बघून उपयोग काय?

"सर, नाडी राहिली."

"बघ," सर म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसले.

तिने त्यांच्या बाहीचं बटण काढलं, बाही वर सरकवली. मनगटावर रुग्णाची पट्टी होती. सरांचं नाव, आजची तारीख, भरती पहाटे पाच, अपेंडिक्सचं ऑपरेशन अकरा वाजता.