पागोळीकडच्या झडपा

लालासाहेब अंगणातल्या दगडावर सदरा घालून आंघोळ करत होते आणि त्यांच्यापासून चार हातांवर बनुबाई स्टुलावर उभी राहून झडपा पुसत होती.

"माणसानं आतनं पुसावं," लालासाहेब तोंडावरचा साबण काढत म्हणाले.

"आत घाण न्हाई, भावजी."

बनुबाई त्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ फौजेत, जोधपूरला. वाटणीत घराचे दोन भाग झाले होते आणि लालासाहेबांचं अंगण बनुबाईच्या भिंतीला येऊन टेकलं होतं. आडाकडं जायची वाट त्याच अंगणातून होती. दिवाळीनंतर लालासाहेबांनी तिथं बाभळीचे काटे लावले. तेव्हापासून बनुबाई देवळाला वळसा घालून पाणी आणत होती. तिला ती वाट परत हवी होती. तिनं दोनदा मागितली. लालासाहेब दोनदा हसले.

मग ते लग्नासाठी आठवडाभर सांगलीला गेले. परत आले तेव्हा भिंतीवर झडपा लागल्या होत्या. पाचगणीच्या एका बंगल्यानं सरकत्या काचा बसवल्या आणि जुन्या सागवानी झडपा काढून टाकल्या. त्या बनुबाईच्या भावानं टेंपोत घालून आणल्या. हिरव्या, तिरक्या पट्ट्यांच्या. वडूजच्या आसपास तसल्या झडपा कुणी बघितल्या नव्हत्या.

लालासाहेब हद्दीवरून भांडायला गेले. पण पागोळीचं पाणी पडतं तेवढी जागा छपरावाल्याची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. बनुबाईचं स्टूल पागोळीच्या आतच असायचं.

रोज सकाळी ती आधी कोरड्या फडक्यानं धूळ झटकायची. मग पट्ट्यांच्या फटींतून जुना दातांचा ब्रश फिरवायची. पाणी कधी ओतायची नाही, सांधे फुगतात. फडकं घट्ट पिळून घ्यायची. बिजागऱ्यांना शिलाई मशीनचं तेल, लाकडाला अधूनमधून जवसाच्या तेलाचा हात. लालासाहेबांच्या आंघोळीच्या वेळी धूळ जास्त बसते, असं तिचं मत होतं.

दिवसभर घरातून तिचा आवाज यायचा.

"शालूआक्का, कपबशी फुटली काय वं?"

"भावजी, लय खोकताय. काढा घ्या."

"समदं दिसतंय तिला," लालासाहेब बायकोला म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून सदरा घालून आंघोळीला बसले. शालूबाईनं अंगणात भांडणं बंद केलं. भांडण पोटात राहिल्यानं तिला पित्त झालं.

अखेर लालासाहेबांनी तात्याबांना बोलावलं. तात्याबा गावचे जुने पंच. त्यांनी झडपांकडं बघितलं, पागोळीकडं बघितलं.

"खिडकी आतनं बगू का येकदा?"

"बगायचं काय त्यात?" लालासाहेब म्हणाले. "रोज पुसतीया. आनि कसला पुरावा पायजे तुमाला?"

तात्याबांना ते पटलं. "बनुबाई, तुमचं काय म्हणणं हाय?"

"माजी वाट द्या. ह्या भिंतीत खिडकी ऱ्हाणार न्हाई."

"कवाच न्हाई?"

"नातवंडांच्या काळातबी न्हाई."

लालासाहेबांनी विचार केला. वाट म्हणजे दोन हात जमीन. खिडकी म्हणजे जन्मभर सदरा. देवळात दोघांनी बेलभंडारा उचलला: वाट पुन्हा अडवायची नाही आणि त्या भिंतीत खिडकी ठेवायची नाही.

"आदी वाट," बनुबाई म्हणाली.

लालासाहेबांनी स्वतःच्या हातानं काटे उपटले. दोन बोटांत रुतलेही. बनुबाई रिकामी घागर घेऊन गेली आणि भरलेली घेऊन आली, अंगणाच्या बरोब्बर मधून. पाणी हिंदकळून अंगणात सांडलं. ते तिनं पुसलं नाही.

लगेच नाथाजी गवंडी विटा, वाळू आणि सिमेंट घेऊन आला. बघायला अर्धं गाव जमलं. लालासाहेब बऱ्याच दिवसांनी उघड्या अंगानं उभे होते.

"घ्या, शेवटचं बगून घ्या," ते खुशीत बनुबाईला म्हणाले.

बनुबाईनं झडपांवरून एकदा फडकं फिरवलं आणि स्टूल बाजूला घेतलं.

नाथाजीनं कडी काढली. बिजागऱ्या जराही कुरकुरल्या नाहीत. दोन्ही झडपा अलगद उघडल्या आणि मागं भिंत होती. अख्खी.