निकालाचा नंबर

सुलतान बाजारातलं ब्लाऊजपीसचं दुकान खाली करा, म्हणून घरमालकानं भामाबाईंवर दावा लावला होता. भामाबाईंच्या वकिलांनी जज्जसाहेबांपुढे एक जुना निकाल ठणकावून वाचला. बाईंनी बाकावर बसल्या बसल्या तो फोनवर, कोर्टाच्या फुकटच्या वेबसाइटवर शोधला. नंबर टाकला, नावं टाकली. असा निकालच नव्हता.

“वकीलसाब, हा निकाल कुठनं आणला?” त्या कुजबुजल्या.

“एआयनं दिला. चुप बसा अम्मा, कोण बघतंय?”

तेवढ्यात घरमालकाचे वकील तावातावानं उठले. “साहेब, हा निकाल वरच्या कोर्टानं गेल्याच वर्षी फिरवलाय!”

भामाबाईंना राहवेना. फोन उंच धरून त्या उभ्या राहिल्या.

“जज्जसाहेब, जो निकाल लागलाच नाही, तो फिरवला कुणी?”