जुना पाथ

"तुमच्याच कोडमध्ये घोळ आहे, वैजयंतीताई. वयाप्रमाणे होतं असं," मी भर मीटिंगमध्ये म्हणालो होतो. त्यांचा प्रोग्रॅम त्यांच्या मशीनवर बरोबर चालायचा, पण चाचणीसाठी मी उभारलेल्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, मात्र चुकीची उत्तरं द्यायचा. आठवडाभर त्या एकेक ओळ तपासत बसल्या. काल ते काम माझ्याकडे सोपवून त्यांनी रजा टाकली.

आज दुपारी मी ते उघडलं. कंटेनरमधला कंपायलर प्रोग्रॅमला लागणारी तयार कोडची लायब्ररी शोधायला आधी एका जुन्या फोल्डरमध्ये जात होता आणि तिथली कालबाह्य आवृत्ती उचलत होता. त्या फोल्डरचा पत्ता, म्हणजे पाथ, महिन्यापूर्वी मीच प्रयोगासाठी घातला होता आणि काढायला विसरलो होतो. ती एक ओळ पुसली. ताईंचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालला.

मी लगेच फोन केला. "ताई, चूक माझी होती. तुमच्या कोडमध्ये काहीच नव्हतं."

 त्या रडू लागल्या.

"माझी आई पंचावन्नाव्या वर्षी सगळं विसरायला लागली होती. मला वाटलं, माझंही सुरू झालं. आत्ता डॉक्टरांकडे तपासणीसाठीच बसलेय. निनाद, मी घरी जाऊ ना आता?"