मोरचुदाची खळ

मुखेडची बंद टॉकीज पाडायच्या आधी ऋतुजानं तिच्या भिंतीवरचे जुन्या मराठी सिनेमांचे पोस्टर खरवडून घरी आणले. एकावर एक चिकटलेले थर सुटावेत म्हणून गोठ्यापुढच्या हौदात भिजत घातले. पाणी निळसर झालं. तिला वाटलं, छपाईचा रंग सुटला. पोस्टर मात्र अख्खे निघाले.

ओट्यावर वाळत घातलेले ते पोस्टर बघायला जलीलचाचा आले. जन्मभर त्यांनीच ते चिकटवलेले.

"चाचा, इतकी वर्षं शेळ्यांनी हे कागद सोडले कसे?"

"खळीतच मोरचूद घालायचो ना, बेटा. निळं जहरच ते. तोंड लावलं की जनावर गेलंच."

ऋतुजानं वळून बघितलं.



गाभण म्हैस हौदाचा तळ चाटून राहिली होती.