भट्टीपुढचा माणूस

"इंजिनात माणूसच कसा नाही हो?" चित्रांच्या प्रदर्शनात एका वृद्ध बाईंनी विचारलं.

प्रभाकर नेवे जन्मभर वाफेची इंजिनंच रंगवत आले होते. "मी माणसं काढत नाही, बाई," ते म्हणाले.

"आमचे हे भुसावळला फायरमन होते. भट्टीत कोळसा टाकता टाकताच गेले. फोटोसुद्धा नाही त्यांचा."

नेव्यांनी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि पिशवीतून रंग-ब्रश बाहेर काढले. "सांगा, कसे दिसायचे?"

बाई सांगत गेल्या. भट्टीच्या उजेडात, फावडं घेऊन वाकलेला एक माणूस हळूहळू उमटला.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "चेहरा नाही जमला तुम्हाला."

नेव्यांची मान खाली गेली.

"पण वाकायचे ते अगदी अस्सेच. कंबर धरायची ना त्यांची." बाईंनी डोक्यावर पदर घेतला. "बसू का जरा यांच्याजवळ?"