वीतभर चक्री

पाऊस लांबला. गावाने ठरवलं, ढग पवनचक्क्याच हाकलतात. डोंगरावरच्या पवनचक्क्यांपाशी बंदूकवाला पहारेकरी होता. म्हणून जमाव कुऱ्हाडी घेऊन शाळेच्या आवारात घुसला, वारा मोजणारी वीतभर चक्री तोडायला. वारा-पावसाची रोजची मोजणी रत्नाकडे होती. ती चक्रीच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. समोर तिचा सख्खा भाऊ झुलाल होता. "भाऊ, हाई फक्त वारा मोजस." "बाजूले सरक. हाईच ढग हाकली देस." ती सरकली नाही. त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा तिच्या कपाळावर बसला. ती शेजारच्या पर्जन्यमापकावर कोसळली. चक्रीचे तुकडे होईपर्यंत रक्त मापकाच्या नरसाळ्यात ठिबकत राहिलं. सकाळी डोक्याला पट्टी बांधून तिने मापकातली बाटली काढली. तळ लाल होता. कुंपणापाशी झुलाल रिकाम्या हातांनी उभा होता. साक्रीहून रोजचा आकडा घेणाऱ्या साहेबांचा फोन आला, "काही पडलं?" तिने बाटली मातीत उपडी केली. "निरंक, साहेब."